माहिती भरपूर, म्हणणं कुठे आहे? एमएच्या निबंधाबद्दल मदत हवी

करमाळ्याचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. एमए इतिहास, पहिलं वर्ष, सध्या पुण्यात. बालवाडीपासून बीएपर्यंत सगळं शिक्षण करमाळा तालुक्यात, मराठी माध्यमात.

अंतर्गत मूल्यमापनासाठी दोन हजार शब्दांचा निबंध होता. प्रश्न असा: "१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांच्या कारणांची चिकित्सा करा." (पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेले दंगे ते हेच.) मला वीसपैकी आठ मिळाले. सरांनी शेवटच्या पानावर एवढंच लिहिलंय, "माहिती भरपूर. तुमचं म्हणणं कुठे आहे?" पुन्हा लिहून द्यायची मुभा आहे, पुढच्या सोमवारपर्यंत.

माझी अडचण अशी की म्हणणं म्हणजे नक्की काय मांडायचं? दीडशे वर्षांपूर्वीच्या घटनेवर मी कोण मत देणारा? बीएला गाइडमधली आठ कारणं मुद्देसूद लिहिली की पैकीच्या पैकी मिळायचे. आणि संदर्भ सगळे इंग्रजीत. वाचून समजतं, पण मराठीत लिहायला घेतलं की वाक्यं लाकडासारखी होतात.

एक परिच्छेद खाली देतो, म्हणजे अंदाज येईल:

"अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. त्यामुळे इंग्लंडला होणारा कापसाचा पुरवठा थांबला. त्यामुळे भारतातील कापसाला प्रचंड मागणी आली. सावकारांकडून शेतकऱ्यांना मोठ्या प्रमाणावर कर्जे देण्यात आली. १८६५ मध्ये युद्ध संपले व कापसाचे भाव कोसळले. सावकारांकडून कर्जे देणे बंद करण्यात आले. अशा प्रकारे शेतकरी कर्जबाजारी झाला व १८७५ मध्ये दंगे झाले."

निबंधाची सुरुवात "भारत हा प्राचीन काळापासून कृषिप्रधान देश आहे" अशी आहे. हसू नका.

---

तासिका_बाई

हसले नाही. दर वर्षी माझ्या टेबलावर जो गठ्ठा येतो त्यातले निम्मे निबंध याच वाक्यानं सुरू होतात आणि उरलेले "इतिहासाच्या पानांवर सुवर्णाक्षरांनी" वगैरेनं. मी पुणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबानं मिळणाऱ्या मानधनावर, इतिहास शिकवते. निबंध तपासायचे पैसे वेगळे मिळत नाहीत, पण तपासते, म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे असं धरून लिहिते. लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी ते पहिलं वाक्य काढा. पहिला परिच्छेद बहुतेक अख्खाच जाईल. सुप्यातल्या बाजारात १२ मे १८७५ ला काय झालं, हे सांगायला प्राचीन काळाची गरज नाही.

आता तुमचा परिच्छेद. तुम्ही म्हणता तसा तो माहितीनं भरलेला आहे आणि माहिती बरोबरही आहे. पण शेवटून दुसऱ्या घटनेचं साल बघा: १८६५. आणि शेवटचं: १८७५. मधली दहा वर्षं तुम्ही "अशा प्रकारे" या दोन शब्दांवरून उडी मारून ओलांडलीत. भाव १८६५ ला पडले आणि माणसं चिडली १८७५ ला? दहा वर्षं काय करत होती? सरांनी तुमचं म्हणणं शोधलं ते बहुधा इथेच, आणि तिथे "अशा प्रकारे" सापडलं.

मत कुठून आणायचं, याचं उत्तर याच उडीत आहे. मत हे आतून, पोटातून यायची वाट बघू नका. दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत अशी जागा शोधा. तिथे प्रश्न तयार होतो आणि त्या प्रश्नाला तुम्ही पुराव्यानिशी दिलेलं उत्तर म्हणजेच तुमचं म्हणणं. त्यासाठी थोर असावं लागत नाही.

या विषयात अशा जागा पायलीला पन्नास आहेत. मला सहज आठवतात त्या सांगते.

एक. दंग्यांनंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ ला ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. सरकारी शेतसाऱ्यामुळे रयत चिडली का, हे आयोगाला तपासायचं होतं. आयोग म्हणाला, नाही, सारा कारण नाही, दोष सावकाराचा. आता सारा कुणी वाढवला होता? सरकारनं. आयोग कुणी नेमला? सरकारनं. १८६७ पासून फेरआकारणीत सारा कुठे दीडपट, कुठे त्याहून जास्त झाला होता, हे तुमच्या निबंधातही कारण क्रमांक तीन म्हणून आहेच असणार. मग तुमचं कारण क्रमांक तीन आणि आयोगाचा निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. तुम्ही दोन्ही लिहिले असतील, शेजारी शेजारी, भांडण न लावता. भांडण लावा.

दोन. कापसाची गोष्ट सगळी पुस्तकं सांगतात. पण दंगा झाला त्या भीमथडी तालुक्यात (सुपे तेव्हा भीमथडीत, आता बारामती तालुक्यात) कापूस होता किती? मी याच भागातली आहे, आमच्याकडे आजोबा-पणजोबांच्या तोंडी बाजरीच. ही आठवण काही पुरावा नव्हे. जुनं पुणे जिल्हा गॅझेटिअर, १८८५ चं, स्कॅन करून नेटवर ठेवलेलं आहे. त्यात तालुकावार पिकांचे आकडे बघा आणि मग ठरवा कापसाला किती जागा द्यायची.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. दंगेखोरांनी काय जाळलं? धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. पण गावोगाव पहिली मागणी एकच होती: खतं द्या, वह्या द्या. कर्जरोखे. जिथे सावकारानं मुकाट्यानं कागद काढून दिले तिथे त्याला फारसा हात लागला नाही. म्हणजे राग नुसता माणसावर नव्हता, कागदावर होता. कागदावर का? इथे १८५९ चा मुदतीचा कायदा आणा. कर्जखत तीनच वर्षं चालेल, असं या कायद्यानं ठरवलं. हेतू रयतेचा फायदा, व्याज साचू नये म्हणून. झालं उलटं. सावकार दर तीन वर्षांनी नवं खत करून घ्यायचा, त्यात जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज हे नवं मुद्दल म्हणून लिहायचा आणि त्यावर पुन्हा व्याज. ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा. आणि हे खत घेऊन सावकार कोर्टात गेला की कोर्ट फक्त कागद बघणार.

आता तुमच्या त्या दहा वर्षांचं काय झालं ते कळलं का? १८६५ ते १८७५ म्हणजे खत तीनदा फिरलं.

हे वाक्य बघा. यात मी नवीन माहिती एकही दिली नाही. कायदा तुम्हाला माहीत होता, सालंही माहीत होती. फक्त दोन्ही एकमेकांसमोर उभी केली. चिकित्सा म्हणजे एवढंच असतं, फार अवघड काही नाही.

मग या दिशेनं आणखी पुरावा मिळतो का, ते शोधा. मिळतो. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा बघा. त्यात काय आहे? कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद. कोर्टानं नुसता कागद न बघता मागच्या सगळ्या देण्याघेण्याचा इतिहास तपासायचा. खतं गावच्या निबंधकासमोर नोंदवायची. म्हणजे सरकारनं औषध कुठे लावलं? कागदावर आणि कोर्टावर. तोंडानं सावकाराला दोष दिला, दुरुस्ती स्वतःच्या कायद्यात केली. हे तुमच्या निबंधात "परिणाम" या शीर्षकाखाली शेवटी पडलं असेल. ते तिथून उचलून कारणांच्या चर्चेत आणा, पुरावा म्हणून.

भाषेबद्दल. तुमच्या परिच्छेदात "देण्यात आली", "बंद करण्यात आले". ही सरकारी परिपत्रकाची चाल आहे. "सावकारांनी कर्ज देणं बंद केलं" असं लिहायला काय होतं? इतिहासात तर कोणी केलं हा अर्धा प्रश्न असतो. "दंगे दडपण्यात आले." कोणी दडपले? पोलिसांनी, लष्करानं? नाव घ्या.

आणि इंग्रजी संदर्भ वाचताना पुस्तक समोर उघडं ठेवून लिहू नका. मी विद्यार्थ्यांना वहीच्या पानावर मध्ये उभी रेघ मारायला सांगते. डावीकडे पुस्तकात काय आहे ते, पान नंबरासकट. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं, काय खटकलं, काय पटलं नाही. मग पुस्तक मिटायचं. त्यानंतर रूममेटला तोंडानं सांगायचं, सुप्याला काय झालं आणि का. सांगताना जी वाक्यं येतात ती लगेच उतरवायची. ती लाकडी नसतात. प्रमाण भाषेत नंतर आणता येतात. उजवी बाजू रिकामी राहिली तर लिहायला बसूच नका, अजून वाचायचं बाकी आहे असं समजा.

---

लीड्सची_लाल_बस

तासिका बाईंनी बहुतेक सगळं सांगितलं. मी इचलकरंजीचा, सध्या इंग्लंडात एमए करतोय (इतिहास नाही, विकास अभ्यास), तेव्हा दोन पैसे माझेही.

इथे निबंध लिहिण्याआधी एक पानी आराखडा दाखवायची पद्धत आहे. सुरुवातीला मला वाटायचं की त्यात प्रकरणांची यादी द्यायची. माझ्या शिक्षिकेनं सांगितलं, यादी नको, तीन वाक्यं आण. मी काय म्हणतोय. माझ्याशी न पटणारा शहाणा माणूस काय म्हणेल. आणि ते ऐकूनही मी माझ्याच म्हणण्यावर का आहे. तिसरं वाक्य जमेना म्हणून मी दोनदा विषयाची मांडणीच बदलली.

करमाळेकर, तुमच्यासाठी दुसऱ्या वाक्यातला शहाणा माणूस तयारच आहे. नील चार्ल्सवर्थ नावाच्या इतिहासकारानं १९७२ मध्ये एका शोधनिबंधात थेट असं मांडलं की हे दंगे फुगवून सांगितले गेलेत. व्याप्ती लहान, परिणामही मानतात तेवढे नाहीत. पुणे आणि नगर मिळून तीसेक गावं, त्यात काय एवढं, असा सूर. आणि त्याच्याआधी, १९६८ ला, रविंदर कुमार यांनी मांडलं होतं की ब्रिटिशांच्या कायद्या-कोर्टांमुळे गावातला कुणबी आणि वाणी यांच्यातला जुना तोल बिघडला. तासिका बाईंचा कागदाचा मुद्दा कुमार यांच्या बाजूला जातो. म्हणजे तुम्ही एकटे नाही आहात. पण कुमार असं म्हणतात म्हणून ते खरं, असं लिहू नका. कुमार असं म्हणतात, चार्ल्सवर्थ तसं म्हणतात, आणि वह्या जाळण्याचा पुरावा बघता मला अमुक जास्त पटतं, असं लिहा.

एक आक्षेप मात्र घेतो, म्हणजे तुमची तयारी होईल. राग कागदावर होता म्हणता ना? मग मारवाडी आणि गुजराती सावकारच का लक्ष्य झाले? त्याच गावातले ब्राह्मण सावकार बऱ्याच ठिकाणी सुटले, असं गॅझेटिअरच सांगतं. खतं त्यांच्याकडेही होती की.

---

तासिका_बाई

बरोबर पकडलंत. हा आक्षेप निबंधात यायलाच हवा, आणि लपवून नाही, चांगला मध्यभागी. करमाळेकर, याचं उत्तर मी देणार नाही. तुम्ही द्या.

---

जुना_परीक्षक

सगळं वाचलं. छान आहे पण व्यवहार सांगतो. मी बरीच वर्षं विद्यापीठाच्या पेपर तपासणीला बसतो. एका उत्तरपत्रिकेला किती वेळ मिळतो हे बाहेरच्यांना कळलं तर झोप उडेल. तिथे भीमथडीतली बाजरी कोण वाचणार? मथळे द्या, मुद्द्यांना क्रमांक द्या, महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ मारा, आठ कारणं लिहा, मार्क घ्या. एकीकडे नेट-सेटची तयारी, दुसरीकडे हे तत्त्वज्ञान. मुलांना उगाच भरीला घालू नका.

---

तासिका_बाई

सर, तपासणीचे तास मलाही ठाऊक आहेत, तेव्हा अर्धं मान्य. तीन तासांचा पेपर आणि घरून लिहून आणायचा निबंध हे वेगळे प्रकार आहेत. पेपरात मथळे द्यावेत, रेघाही माराव्यात. पण तिथेही पहिल्या दोन ओळींत उत्तर आलं तर तुमच्यासारख्या घाईतल्या परीक्षकाला बरंच वाटेल ना? "हे दंगे प्रामुख्याने कर्जखतांविरुद्ध होते, कारण..." अशी सुरुवात आणि खाली तीन नीट कारणं. आठ कारणं का लागतात? आठातलं कुठलं मोठं, कुठलं किरकोळ हे मुलाला माहीत नसतं, म्हणून तो सगळीच सारख्या आकाराची लिहितो. १८५९ च्या कायद्याला चार ओळी आणि "शेतकऱ्यांचे अज्ञान" यालाही चार ओळी. मी त्याच उत्तरपत्रिका बघते, सर.

इथे तर मुलाच्या स्वतःच्या सरांनी विचारलंय, तुमचं म्हणणं कुठे आहे. त्यांना आठ कारणं पुन्हा दिली तर पुन्हा आठच मार्क.

---

जुना_परीक्षक

शेवटचं वाक्य आवडलं. माघार.

---

नाव_ठरायचंय

मी सरळ एआयला विचारतो आणि मग माझ्या शब्दांत बदलतो. दहा मिनिटांत काम होतं. इतका त्रास कशाला?

---

तासिका_बाई

याच विषयावर मीही विचारून पाहिलं होतं, मुलं काय आणून देतील ते आधी कळावं म्हणून. सुबक मराठीत दोन पानं आली. "बहुआयामी", "सर्वंकष", "उत्प्रेरक". तुमच्याच आठ कारणांना इस्त्री केलेली. संदर्भ मागितले तर एका पुस्तकाचं नाव दिलं, जे मला कुठल्याच ग्रंथालयाच्या सूचीत सापडलं नाही. मुलानं ते तळटीपेत टाकलं असतं तर त्याच्या निबंधातल्या खऱ्या संदर्भांवरही मी विश्वास ठेवला नसता.

वापरायचंच असेल तर उलटं वापरा. तुमचा परिच्छेद द्या आणि विचारा, यावर सर्वांत कडक आक्षेप कोणता? आक्षेप आला की त्याचं उत्तर शोधायला ग्रंथालयात जा. जयकर ग्रंथालय पुण्यातल्यांना हाताशी आहे. नाहीतर शोधगंगेवर पीएचडीचे प्रबंध फुकट आहेत. त्यांच्या शेवटची संदर्भसूची बघितली तरी पुढे काय वाचायचं ते कळतं.

आणि "माझ्या शब्दांत बदलतो" हे फार जपून. युजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधांसाठी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालवून घेतात, त्याच्या वर गेलं की पायरीपायरीनं कारवाई. तुमचा निबंध प्रबंध नाही हे मान्य. पण एमएच्या पहिल्या वर्षी जी सवय लागते ती पुढे प्रबंधापर्यंत येतेच.

---

करमाळ्याचा_पाहुणा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस ग्रंथालयात होतो, म्हणून उशीर.

रूममेटला तोंडानं सांगायचा प्रयोग केला. तो इंजिनिअर. त्यानं दुसऱ्याच मिनिटाला विचारलं, "मग कोर्टात जाऊन सांगायचं ना, की मी एवढे घेतलेच नव्हते?" मी म्हणालो, कोर्ट कागद बघतं. तो म्हणाला, "मग कागद जाळला." पुस्तकात हे मी चार वेळा वाचलं होतं, पण त्यानं म्हटल्यावर नीट दिसलं.

नवा परिच्छेद देतो. ताई, झोडपा.

"कापसाची तेजी १८६५ मध्ये ओसरली, सुप्याचा दंगा मात्र १८७५ मध्ये झाला. त्यामुळे भाव कोसळणे हे दंग्याचे थेट कारण मानता येत नाही. या दहा वर्षांत कर्ज वाढले ते प्रामुख्याने खतांच्या नूतनीकरणातून. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. त्यातच १८६७ पासून सरकारने सारा वाढवला व रोख भरण्यासाठी रयतेला पुन्हा त्याच सावकाराकडे जावे लागले. दंगेखोरांनी सर्वप्रथम वह्या व खते मागितली, यावरून त्यांचा रोष या कागदी व्यवस्थेवर होता हे निःसंशय सिद्ध होते."

मारवाडी-गुजराती सावकारांच्या आक्षेपावर वेगळा परिच्छेद लिहिलाय, पण पटत नाहीये मलाच. मी म्हटलंय की बाहेरून आलेल्या सावकाराला गावात नात्यागोत्याचं संरक्षण नव्हतं, म्हणून तो आधी सापडला.

---

तासिका_बाई

झोडपण्यासारखं फार उरलं नाही. पहिली दोन वाक्यं जशीच्या तशी ठेवा. आता निबंध चालायला लागलाय.

तीन जागा बघा.

"प्रामुख्याने खतांच्या नूतनीकरणातून" यातल्या प्रामुख्याने या शब्दाला पुरावा काय? कर्ज किती वाढलं आणि त्यातला किती भाग नूतनीकरणाचा, असे आकडे तुमच्याकडे नसतील तर "मोठ्या प्रमाणात" असं लिहूनही सुटका नाही. एखाद्या रयतेच्या कर्जाचं उदाहरण द्या. आयोगापुढे रयतेनं दिलेल्या जबान्यांची उदाहरणं पुस्तकांत येतात. शंभराचं खत फिरत फिरत कितीवर गेलं, ते एकदा आकड्यांत दाखवलं की वाचणाऱ्याला प्रामुख्यानं वगैरे सांगावं लागत नाही.

सारा आणि सावकार यांचं नातं तुम्ही एका वाक्यात आटोपलंत: "पुन्हा त्याच सावकाराकडे जावे लागले." हे तुमच्या निबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे आणि ते "त्यातच" म्हणून कोपऱ्यात बसलंय. आयोग म्हणाला सारा कारण नाही. तुम्ही दाखवताय की सारा थेट नाही, पण सावकाराच्या मार्गानं कारण आहे. म्हणजे आयोगाचा निष्कर्ष तुम्ही अर्धा स्वीकारताय आणि अर्धा खोडताय. हा स्वतंत्र परिच्छेद व्हायला हवा, आणि माझ्या मते निबंधाच्या पहिल्या परिच्छेदातही तो दोन ओळींत आधीच सांगून टाकावा.

"निःसंशय सिद्ध होते" काढा. काही सिद्ध झालेलं नाही, आणि होणारही नाही. "असे दिसते" किंवा "असे म्हणता येईल". नवशिक्याला वाटतं की ठासून लिहिलं की वजन येतं. तपासणारा मात्र असा शब्द दिसला की लगेच पुराव्यात भोक शोधायला लागतो.

नात्यागोत्याच्या संरक्षणाचा मुद्दा मला पटला. तुम्हाला का पटत नाही?

---

करमाळ्याचा_पाहुणा

कारण मग माझं कागदाचं म्हणणं कमजोर होतं ना. राग कागदावर असेल तर माणूस आतला की बाहेरचा, याचा फरक पडायला नको.

---

लीड्सची_लाल_बस

कमजोर होत नाही, नेमकं होतं. राग कशाबद्दल होता आणि तो कुणावर काढणं शक्य होतं, हे दोन वेगळे प्रश्न. पहिल्याचं उत्तर कागद. दुसऱ्याचं उत्तर गावातली सोयरीक, जात, कोण परका. ब्राह्मण सावकाराची खतं जाळावीत असं रयतेला वाटलं नसेल असं नाही. पण गावात त्याचं वजन होतं, कुलकर्णीपण बहुधा त्याच्या घरात. फुल्यांनी १८८३ मध्ये शेतकऱ्यांविषयी लिहिताना भटकामगारांवर (ब्राह्मण सरकारी नोकरांवर) जी आग पाखडली तीही इथे आणता येईल. म्हणजे राग होता, वाट मिळाली नव्हती. हे तिसऱ्या वाक्याच्या जागी बसतं की नाही बघा.

---

करमाळ्याचा_पाहुणा

बसतं. फुल्यांचं मूळ लेखन वाचून मगच लिहितो, दुसऱ्याच्या पुस्तकातून नाही घेत.

शेवटचा एक व्यवहारी प्रश्न. गॅझेटिअर नेटवर वाचलं. आयोगाचा अहवाल मात्र मूळ पाहिलेला नाही, त्यातली एक जबानी एका पुस्तकात उद्धृत आहे. तळटीप अहवालाची देऊ का पुस्तकाची? आणि नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय, निबंधात काय लिहू?

---

तासिका_बाई

पुस्तकाची. आधी जबानी कुणाची, कुठली ते लिहा, मग "अमुक पुस्तकात उद्धृत" आणि पुस्तकाचं पान. न पाहिलेला अहवाल पाहिल्यासारखा दाखवायचा नाही. बरेच जण दाखवतात, आणि मूळ पुस्तकातली छपाईची चूकही जशीच्या तशी उचलतात. तपासणाऱ्याला तिथेच कळतं.

गॅझेटिअरला खंड, साल आणि पान द्या. नेटवर वाचलं असलं तरी पान त्या छापील प्रतीचंच.

नगरला १८७५ च्या संदर्भात अहमदनगरच लिहा, पहिल्यांदा आलं की कंसात आताचं नाव. माझा आता तास आहे, दुपारी जबानीचा परिच्छेद टाकलात तर बघते.